द्वेष ओकणाऱ्या परदेशी वक्त्याला विमानतळावरूनच परत पाठवावं का?

डॉलिसहिलकर :
रविवारी लंडनच्या महाराष्ट्र मंडळात चहाच्या वेळी वाद पेटला आणि हॉल रिकामा करायचा म्हणून अर्धवट राहिला, तोच इथे पुढे नेतोय. विषय असा की बाहेरच्या देशातून येऊन एका समाजाविरुद्ध गरळ ओकणाऱ्या धर्मप्रचारकाला सरकारने आत घ्यावं का.

ज्यांना इथलं माहीत नाही त्यांच्यासाठी : ब्रिटनच्या गृहमंत्र्याला एखाद्या परदेशी माणसाचं येणं जनहिताचं नाही असं वाटलं तर तो प्रवेश नाकारू शकतो, त्या माणसावर गुन्हा शाबित झालेला असायची गरज नाही. जुलै २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांत ५२ जण गेले, त्यानंतर ऑगस्टमध्ये गृहमंत्री चार्ल्स क्लार्क यांनी कसलं वागणं खपवून घेणार नाही याची यादीच काढली. २००९ मध्ये तर बंदी घातलेल्यांपैकी १६ जणांची नावं जाहीर केली, त्यात अमेरिकन रेडिओवाला मायकल सॅव्हेजही होता, म्हणजे फक्त मौलवीच होते असं नाही.

आणि आपल्याशी संबंध म्हणजे डोंगरीचे डॉक्टर झाकीर नाईक. जून २०१० मध्ये वेम्बली अरीना आणि शेफिल्डला त्यांची भाषणं ठरलेली, थेरेसा मे नुकत्याच गृहमंत्री झालेल्या, त्यांनी प्रवेश नाकारला. प्रत्येक मुसलमानाने दहशतवादी असलं पाहिजे हे त्यांचं जुनं वाक्य पुढे आलं. त्यांचं म्हणणं, चोराला पोलिसाची दहशत वाटते त्या अर्थाने म्हणालो होतो. हायकोर्टात हरले, २०११ मध्ये अपिलातही हरले.

मी तेव्हा ईलिंग रोडजवळ राहायचो. एका केशकर्तनालयात भिंतीवरच्या टीव्हीवर त्यांचंच प्रवचन चालू असायचं आणि मानेवर वस्तरा असताना 'काय बरोबर बोलतात ना' या प्रश्नाला मी निमूट हो म्हणायचो. माझं मत सरळ आहे, पाहुणा आहे, घरात घ्यायचं की नाही हे यजमान ठरवणार. नागरिकाला हक्क असतो, पाहुण्याला नसतो.

खवचट_काकू :
अहो देश म्हणजे तुमचा टूबीएचके आहे का? त्या घरात दुसरेही राहतात आणि त्यांनी पाहुण्याला बोलावलेलं असतं, वेम्बलीची तिकिटं काय गृहमंत्र्यांनी काढली होती?

आणि तुमचाच किस्सा परत वाचा. माणसाला आत येऊ दिलं नाही पण त्याचा आवाज वस्तऱ्याबरोबर तुमच्या मानेपर्यंत आलाच की. नाईकांची वाहिनी पीस टीव्ही तिथे स्कायवर दिसत होती, बंदीनंतरही कितीतरी वर्षं. तिला दणका बसला तो प्रसारण नियमांमुळे. तिथली प्रसारणावर देखरेख करणारी संस्था ऑफकॉम, तिने २०२० मध्ये इंग्रजी वाहिनीला २ लाख आणि उर्दूला १ लाख पौंड दंड लावला. तो मजकूर तपासून, कुठलं वाक्य, कुठल्या कार्यक्रमात, ते लिहून लावला. हे मला पटतं. व्हिसा नाकारणं म्हणजे बातम्यांसाठी फोटो आहे नुसता.

ठाणेकर_तात्या :
काकू तुम्ही मुंबईच्या सोमय्या मैदानावरची नाईकांच्या सभेची गर्दी बघितली नसावी, मी बघितलीय, हायवेला ट्रॅफिक तुंबून तासभर चुनाभट्टीला अडकलेलो. टीव्ही बघणं वेगळं आणि हजारो लोक एकत्र बसून टाळ्या वाजवणं वेगळं, स्टेजवर चार प्रतिष्ठित माणसं बसली की त्या बोलण्याला वजन येतं, देणग्या गोळा होतात, नंतर वर्षभर त्या फोटोवर दुकान चालतं.

मलेशियाचं बघा ना. भारतातून २०१६ ला बाहेर पडल्यावर नाईकांना तिथे आसरा मिळाला आणि २०१९ मध्ये यांनी कोटा बारूला भाषण ठोकलं की चिनी लोक इथले जुने पाहुणे आहेत, आधी त्यांनी परत जावं. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना पाहुणा कोण म्हणतोय, तर स्वतः पाहुणा! तिथल्या हिंदूंच्या निष्ठेवरही बोलले. मग भाषणबंदी आली, माफी मागायला लागली. सिंगापूरवाले शहाणे, मे २०२२ मध्ये इंडोनेशियाचा धर्मप्रचारक अब्दुल सोमद बाटमहून फेरीने आला, धक्क्यावर चौकशी केली आणि त्याच दिवशी परतीच्या फेरीत बसवलं. विषय संपला.

बाणेरचा_बॅरिस्टर :
तात्या, संपत नसतो तो विषय तिथे, निदान ब्रिटनमध्ये तरी. इस्लामविरोधी डच खासदार खेर्त विल्डर्सला फेब्रुवारी २००९ मध्ये हीथ्रोवरून परत पाठवलं, ऑक्टोबरमध्ये न्यायाधिकरणाने बंदी चुकीची ठरवली, मग पठ्ठ्या थाटात आला आणि आधी मिळाली नसती एवढी प्रसिद्धी घेऊन गेला. अमेरिकेच्या 'नेशन ऑफ इस्लाम' संघटनेचा नेता लुई फराखान, त्याच्यावर १९८६ पासून बंदी, २००१ मध्ये हायकोर्टाने उठवली, २००२ मध्ये अपिलात परत लागली.

सगळ्यात बोलकी केस शेख राएद सलाह या इस्रायलमधल्या पॅलेस्टिनी नेत्याची. २०११ मध्ये बंदी असताना तो हीथ्रोवरून आरामात आत आला (हे एक वेगळंच), मग अटक, मग कोर्टकचेरी. त्याच्या एका कवितेच्या आधारावर तो ज्यूद्वेष्टा आहे असं म्हटलेलं, आणि २०१२ मध्ये न्यायाधिकरणाला आढळलं की गृहमंत्र्यांपुढे कवितेचा जो मजकूर आला तो मुळाबरहुकूम नव्हताच, त्यात ज्यूंचा उल्लेख घुसडलेला होता. तो संत आहे असं मी म्हणत नाहीये. पण अपिलाची सोय नसती तर ही भेसळ कुणाला कळलीच नसती. म्हणून अधिकार असावा, पण कारण लेखी हवं आणि वर कोर्ट हवं.

ठाणेकर_तात्या :
वकिलांची पोटं भरायला पाहिजेतच.

बाणेरचा_बॅरिस्टर :
भरतातच तात्या, तुमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या केसवर.

लेस्टरचा_लंबू :
मी आधी डॉलिसहिलकरांच्याच बाजूचा होतो. इजिप्तचा धर्मगुरू कारदावी, त्याला २००४ मध्ये लंडनच्या महापौरांनी, केन लिव्हिंगस्टनने, सन्मानाने बोलावून मिठी मारली तेव्हा मला भयंकर राग आलेला, २००८ मध्ये त्याला व्हिसा नाकारला तेव्हा बरं वाटलं.

पण सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या लेस्टरमध्ये जे झालं तेव्हा कुठला परदेशी वक्ता आला होता सांगा. आशिया कपची भारत-पाकिस्तान मॅच झाली, आधीपासून हिंदू-मुसलमान धुसफूस होतीच, आणि फोनवर अफवा. मशिदीवर हल्ला झाला म्हणे, मुलगी पळवली म्हणे, दोन्ही खोटं निघालं. आमच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मी आणि बायको आत बसलेलो, बाहेर तोंड झाकलेली पोरं एका दिशेला पळतायत, पाच मिनिटांनी दुसरी पोरं उलट्या दिशेला, आणि शेजारचा सलूनवाला आणि मी फटीतून एकमेकांना मेसेज करतोय की तुझ्याकडे दूध आहे का. पासपोर्टवर कुणाचा शिक्का बघणार होतं गृहखातं तेव्हा?

रत्नागिरीची_रेहाना :
बाहेरून सगळे बोलतायत, मी घरातलं सांगते. आमची आजी दर्ग्याच्या उरुसाला जायची, नवस बोलायची, गूळ वाटायची. पीस टीव्ही लागायला लागला तसा माझा चुलतभाऊ तिला सांगायला लागला की हे इस्लाममध्ये बसत नाही. कोट घातलेला डॉक्टर इंग्रजीत आयत क्रमांकासकट बोलतो म्हणजे बरोबरच असणार, आणि आजी काय, शाळा दुसरी. ती त्यानंतरही जायची, पण त्याला न सांगता. म्हणजे या माणसाचा पहिला फटका आम्हालाच बसला, हे इथे कुणी लिहिलं नाही.

तरीही बंदीचा मला आनंद नाही. वेम्बलीची बातमी आली त्या दिवसापासून चुलतभावासाठी तो नुसता वक्ता राहिला नाही, हिरो झाला. शिवाय सरकारच्या हातात ही चावी दिली की ती एकाच कुलपाला लावत नाही. २०२० मध्ये तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवर नगरला गुन्हे दाखल झाले, व्हिसाचे नियम मोडून धर्मप्रचार केला, रोग पसरवला म्हणून. ऑगस्टमध्ये औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले, बळीचा बकरा केला असं म्हटलं. त्यांनी कुणाचा द्वेष केला होता?

ठाणेकर_तात्या :
ती केस वेगळी होती, कोविडचा काळ होता, सगळेच घाबरलेले. पण आजीचं वाचून वाईट वाटलं, ते खरंय.

खवचट_काकू :
बरं आता डॉलिसहिलकर, खरं उत्तर द्या. २०१७ मध्ये बंगालचे हिंदुत्ववादी नेते तपन घोष तुमच्या लंडनला आले, मुसलमानांबद्दलची त्यांची वक्तव्यं सगळ्यांना ठाऊक होती, तरी हॅरोच्या खासदारांनी संसदेतल्या कार्यक्रमात बोलावलं. २०२२ मध्ये साध्वी ऋतंभरांचा दौरा ठरला, तेव्हा तिथल्या एका खासदाराने त्यांना येऊ देऊ नका म्हटलं आणि दौरा रद्द झाला. पाहुण्याला हक्क नसतो हे तुमचं वाक्य तेव्हा कुठल्या खुंटीला टांगलेलं?

डॉलिसहिलकर :
दोन दिवस उत्तर द्यायचं टाळत होतो, काकूंनी पकडलंच. २०१७ च्या कार्यक्रमाला मी गेलो नव्हतो, पण निमंत्रण चार ग्रुपवर फॉरवर्ड केलेलं, तेव्हा डोक्यातही आलं नाही की हाही पाहुणाच आहे. साध्वींच्या वेळी 'आपल्यालाच का अडवतात' असं इथेच कुठेतरी तावातावाने लिहिलंय, शोधलंत तर सापडेल, शोधू नका.

बंदी असावी हे मत माझं अजून तसंच आहे, लेस्टर वाचूनही, कारण आतली पोरं एकमेकांना पुरेशी आहेत म्हणून बाहेरून आणखी काडेपेटी का आणायची. पण बॅरिस्टरचं लेखी कारणाचं पटलं. आणि नाव आपल्या बाजूचं असेल तेव्हाही. हे शेवटचं वाक्य मंडळात तोंडाने म्हणायला जमेल का माहीत नाही, रविवारी बघू.

खवचट_काकू :
म्हणा, आणि कोण कोण चहा अर्धा टाकून उठलं ते इथे येऊन लिहा.