डेबियनसाठी पहिलं पॅकेज: लॅपटॉपवर बनतं, एसबिल्डमध्ये अडतं (कोरीपाटी, घाटवाट, तळटीप ही चर्चा करणाऱ्यांची नावं)

कोरीपाटी: पायथनमधलं एक छोटं कमांड-लाइन टूल डेबियनमध्ये (लिनक्सचं एक वितरण) आणायचं आहे. आयटीपी बग (पॅकेज करण्याचा इरादा कळवणारी नोंद) नोंदवलाय. लॅपटॉपवर डीपीकेजी-बिल्डपॅकेज (पॅकेज बांधणारी कमांड) चालवलं की डेब फाइल नीट तयार होते, इन्स्टॉलही होते. एसबिल्डमध्ये (वेगळ्या, स्वच्छ जागेत बिल्ड करणारं टूल) मात्र 'नो मॉड्यूल नेम्ड सेटअपटूल्स' म्हणून बिल्ड थांबतं. स्पॉन्सर (पॅकेज तपासून माझ्या वतीने अपलोड करणारा डेबियन डेव्हलपर) शोधण्याआधी काय काय दुरुस्त करू?

घाटवाट: एसबिल्ड दर वेळी कोऱ्या क्रूटमध्ये (वेगळ्या केलेल्या छोट्या सिस्टिममध्ये) बिल्ड करतं. तिथे मूळ सिस्टिम, बिल्ड-इसेन्शियल (कंपायलरसारखी मूलभूत साधनं) आणि तुम्ही बिल्ड-डिपेंड्समध्ये (बिल्डला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) लिहिलेली पॅकेजेस, याखेरीज काही नसतं. तुमच्या लॅपटॉपवर सेटअपटूल्स (पायथनची पॅकेजेस बांधणारी लायब्ररी) आधीपासूनच आहे, म्हणून चूक झाकली गेली. कंट्रोल फाइलमधल्या (पॅकेजची माहिती असलेल्या फाइलमधल्या) बिल्ड-डिपेंड्समध्ये डेबहेल्पर-कॉम्पॅट (= १३), डीएच-सिक्वेन्स-पायथन३, पायथन३-ऑल आणि पायथन३-सेटअपटूल्स टाका. सेटअप डॉट पीवाय नसून नुसती पायप्रोजेक्ट डॉट टॉमल असेल, तर पायबिल्ड-प्लगिन-पायप्रोजेक्टही लागेल.

रूल्स फाइलमध्ये (बिल्ड कसं करायचं हे सांगणारी मेकफाइल) 'डीएच'च्या ओळीआधी टॅबच हवा. स्पेस पडल्या तर मेक 'मिसिंग सेपरेटर' म्हणून तिथेच थांबतं.

पुढची अडचण बहुधा टेस्टमध्ये येईल. बिल्ड चालू असताना नेटवर्क वापरायला डेबियनच्या धोरणात मनाई आहे. त्यामुळे पिपने (पायथनची पॅकेजेस उतरवणारं टूल) काही उतरवून घेणं किंवा एखाद्या साइटला विचारणारी टेस्ट चालवणं जमणार नाही. तेवढ्याच टेस्ट वगळा, सगळा टेस्ट संच बंद करू नका. एखादी लायब्ररी डेबियनमध्ये नसेलच, तर आधी तिचं पॅकेज करावं लागतं. हे आजच तपासा, कारण कधीकधी एका टूलमागे चार पॅकेजेस निघतात.

तळटीप: बिल्ड सुटेल, पण खरा वेळ कॉपीराइट फाइलवर द्या. नवं पॅकेज न्यू रांगेत (नव्या पॅकेजेसच्या तपासणीच्या रांगेत) जातं आणि तिथे डेबियनची टीम सोर्समधले परवाने तपासते. मुख्य परवाना एमआयटी आहे म्हणून एकच परिच्छेद लिहून मोकळं होणं, हे पॅकेज परत येण्याचं नेहमीचं कारण. लायसन्सचेक (परवाने शोधणारं टूल) सोर्सवर रिकर्सिव्ह चालवा आणि शंका येईल ती फाइल स्वतः उघडून वाचा. 'फाइल्स: *' हा परिच्छेद सगळ्यात वर ठेवा, कारण एका फाइलला दोन परिच्छेद जुळले तर शेवटचा लागू होतो.

डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरमध्ये मिनिफाय केलेली (आकसवलेली, वाचता न येणारी) जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी पडलेली असते, तीही बघा. मूळ वाचनीय सोर्स सोबत नसेल तर लिंटियन (पॅकेजमधल्या चुका शोधणारं टूल) 'सोर्स-इज-मिसिंग' दाखवतं. ती फाइल कॉपीराइट फाइलमधल्या फाइल्स-एक्सक्लूडेडमध्ये (वगळायच्या फाइलींच्या यादीत) टाका, यूस्कॅनने (मूळ सोर्स उतरवणारं टूल) टारबॉल पुन्हा बांधा, आवृत्तीला '+डीएफएसजी' (डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअर नियमांसाठी सोर्समधून काही काढल्याची खूण) जोडा आणि पॅकेजला लिबजेएस-जेक्वेरीवर अवलंबून ठेवा.

कोरीपाटी: सेटअपटूल्स टाकल्यावर बिल्ड झालं, आभार! आता लिंटियन 'नो-मॅन्युअल-पेज' (टूलचं मदतपान नाही) म्हणतंय. त्यावाचून अडेल का?

घाटवाट: अडणार नाही, पण लिहाच. हेल्प२मॅनने कच्चा मसुदा मिळतो, तो हाताने सुधारा.

मग चेंजलॉगमध्ये आयटीपीचा क्रमांक 'क्लोजेस'सह लिहा, डीपुट या अपलोडच्या टूलने मेंटर्सवर (नवख्यांची पॅकेजेस ठेवण्याची साइट) चढवा आणि स्पॉन्सरशिप-रिक्वेस्ट्सवर आरएफएस बग (स्पॉन्सर मागणारी नोंद) उघडा. पायथन टीममध्ये सामील होऊन साल्सावर (डेबियनचा गिट सर्व्हर) रेपो ठेवलात तर स्पॉन्सर लवकर मिळण्याची शक्यता जास्त.

एक गोष्ट नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटते. न्यू रांगेसाठी बायनरीसकट अपलोड करावं लागतं, आणि ती बायनरी डेबियनच्या बिल्ड सर्व्हरवर बनलेली नसल्यामुळे पॅकेज टेस्टिंगमध्ये (डेबियनची पुढची आवृत्ती घडवणारी शाखा) सरकत नाही. स्वीकृती मिळाली की '-२' आवृत्ती नुसत्या सोर्ससह चढवायला स्पॉन्सरला सांगा.