डेझी आणि बी, दोन्ही हवेत

‘रुग्णालयात डेझी पुरस्कार असताना नर्सिंग असिस्टंटसाठी (नर्सच्या सहायकांसाठी) वेगळा पुरस्कार कशाला?’ असं विचारलं जातं. कारण डेझी नर्ससाठी आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत पॅट्रिक बार्न्स हा रुग्ण आयटीपीने (रक्तातल्या प्लेटलेट कमी होण्याच्या आजाराने) गेला, त्यानंतर त्याची शुश्रूषा करणाऱ्या नर्सच्या कौतुकापोटी कुटुंबाने तो सुरू केला. म्हणून अमेरिकेतली अनेक रुग्णालयं त्याच्या जोडीला नर्सिंग असिस्टंटसाठी ‘बी’ नावाचा पुरस्कार देतात.

खरी अडचण नामांकनात येते. अंघोळ घालणारा, कूस बदलणारा असिस्टंट रुग्णाला चेहऱ्याने आठवतो, नावाने नाही. अर्जात वॉर्ड, तारीख आणि पाळी विचारा. नाव ड्यूटी चार्टवरून काढता येतं. ‘फार प्रेमळ’ एवढ्यावर निवड समिती गुण देऊ शकत नाही, म्हणून ‘नेमकं काय केलं?’ हा रकाना मोठा ठेवा. समितीकडे जाण्याआधी नाव आणि वॉर्ड खोडा. (मराठी अर्जात क्रियापदावरूनच ‘तो’ की ‘ती’ कळतं, तेही बघा!)

रात्री रुग्ण झोपलेले, त्यामुळे त्या पाळीची नामांकनं कमी. तिथली सहकाऱ्यांकडून मुद्दाम मागवा, आणि पुरस्कार सकाळी पाळी बदलताना वॉर्डातच द्या. दुपारच्या समारंभाला रात्रपाळीवाले झोप मोडून येणार कसे?