आधी बॅटरी तपासा, मग ब्राइटनेस

नव्या लॅपटॉपची बॅटरी नुसत्या ब्राउझिंगलाही 3 तासांत संपते, या तक्रारीवर ब्राइटनेस कमी करा, बॅटरी सेव्हर लावा हे सल्ले आलेत ते बरोबरच, पण आधी दोष बॅटरीत आहे की खर्चात, हे बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर 'powercfg /batteryreport' चालवलं की अहवाल मिळतो. त्यात डिझाइन कपॅसिटीपेक्षा (बॅटरीची मूळ क्षमता) फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण चार्ज केल्यावर मावते ती) बरीच कमी, मूळच्या 80 टक्क्यांच्या आसपास दिसली, तर नव्या मशीनच्या सेटिंग्जशी झटापट करू नका, सरळ वॉरंटीत द्या.

आकडे ठीक असतील तर हिशेब करा: 50 वॉट-अवरची (हे साठवलेल्या विजेचं माप) बॅटरी 3 तासांत संपते म्हणजे सरासरी 17 वॉट जातायत. नुसत्या ब्राउझिंगला हे फारच झालं. वेगळं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी, जास्त वीज खाणारी स्वतंत्र चिप) असेल तर पहिला संशय त्याच्यावर. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट थेट त्या कार्डाला जोडलेला असतो, त्यामुळे बाहेरचा मॉनिटर लावला की ते जागंच राहतं.