अक्कल मोठी की नक्कल?

चौकस
'अक्कल' आणि 'नक्कल', आपले रोजचे दोन्ही शब्द मूळ अरबी. तिकडच्या धर्मशास्त्रात अक़्ल म्हणजे बुद्धी आणि नक़्ल म्हणजे परंपरेने हाती आलेलं: कुराण, हदीस (पैगंबरांची वचनं आणि आठवणी). दोन्हींचं पटेनासं झालं तर ऐकायचं कुणाचं, यावर बसरा-बगदादमध्ये शतकानुशतकं भांडणं झाली. नेहमी सांगतात ती कथा अशी: मुअतझिली आणि अशअरी हे धर्मशास्त्रातले दोन पंथ; मुअतझिली बुद्धिवादी, अशअरींनी त्यांना हरवलं, मग अशअरी पंडित गझालीने (१०५८–११११) तत्त्वज्ञानाला मूठमाती दिली. मला ही कथा खोटी वाटते. 'कुराण निर्मित आहे, अनादि नाही' हे मुअतझिलींचं मत खलिफा मामूनने ८३३ मध्ये काझींवर लादलं. ते न मानणाऱ्या धर्मपंडित अहमद इब्न हंबलना पुढच्या खलिफाने फटके मारले. असले बुद्धिवादी!

फिरस्ता
हे वाचून मीमांसक आणि नैयायिक आठवले. वेद अपौरुषेय की ईश्वरकृत? त्यात चाबूक नव्हता एवढंच.

बिनसाखरेचा चहा
चाबूक खलिफाचा होता. मुअतझिलींचा मुद्दा त्याने खोटा कसा ठरतो? खून वाईट आहे म्हणून देवाने मना केला, असं ते म्हणतात. अशअरींचं उलट: देवाने मना केला म्हणून तो वाईट. मग 'देव न्यायी आहे' या वाक्यात उरलं काय?

चौकस
ज्याच्या नावाने अशअरी पंथ, तो अशअरी चाळिशीपर्यंत स्वतः मुअतझिलीच होता म्हणतात. त्याने गुरू जुब्बाईला विचारलेला प्रश्न प्रसिद्ध आहे. तीन भाऊ: एक सज्जन म्हणून मेला, एक पापी म्हणून, एक लहानपणीच. धाकटा म्हणतो, मलाही मोठं होऊन पुण्य करू दिलं असतं तर? देव म्हणतो, तू पापी झाला असतास, तुझ्या भल्यासाठीच नेलं. तेवढ्यात पापी नरकातून ओरडतो, मग मलाही लहानपणीच का नाही नेलंस? गुरू गप्प. प्रसंग खरा असो वा रचलेला, यात बुद्धी टाकली कुठे? गुरूचंच हत्यार गुरूवर चालवलंय.

दगडफोड्या
आणि कापूस? तत्त्वज्ञांना खोडणाऱ्या 'तहाफुत' या ग्रंथात गझाली म्हणतो, आग कापूस जाळत नाही, देव जाळतो. आपल्याला फक्त एकापाठोपाठ एक दिसतं. तत्त्वज्ञ इब्न रुश्दने त्याला तिथेच पकडलं: कारणं नाकारणारा बुद्धीच नाकारतो.

चौकस
त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला गझाली सांगतो की ग्रहणाचं गणिती स्पष्टीकरण धर्माच्या नावाने खोडायला जाल तर नुकसान धर्माचंच. त्याच्यानंतर दीडशे वर्षांनी, १२५९ मध्ये, इराणातल्या मराग्यात वेधशाळा उभी राहिली. अंधारात तारे बघत होते का?

दगडफोड्या
वेधशाळा बांधायला पैसा मंगोल हुलागूचा, अशअरींचा नाही.

सातबारा
मातुरीदी या धर्मपंडिताला (मृत्यू ९४४) सगळे विसरले. समरकंदचा हा सुन्नीच, तरी बरंवाईट बुद्धीला कळतं म्हणतो. भारतातले बहुतेक मुसलमान धर्मकायद्यात हनफी पंथाचे, म्हणजे अकीद्यात (श्रद्धेच्या सिद्धांतांत) त्याच्याच परंपरेतले. आणि फख्रुद्दीन राझी, तो तर अशअरी! त्याचा नियम: वचन आणि बुद्धी भिडली तर बुद्धी धरा, वचनाचा अर्थ वेगळा लावा. पैगंबर खरा हे बुद्धीनेच ठरवलंय ना? उताऱ्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का मारणाऱ्यालाच खोटं ठरवलं, तर उतारा कुठे दाखवणार?

फिरस्ता
राझीचा हा नियम खोडायला इब्न तैमिया या धर्मपंडिताने जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचा दाखला: एकाने तुम्हाला मुफ्ती (धर्माचा निर्णय देणारा) कोण ते दाखवलं. पुढे त्याचं आणि मुफ्तीचं पटलं नाही, तर तुम्ही मुफ्तीचंच ऐकाल, वाटाड्याचं नाही.

बिनसाखरेचा चहा
आणि दाराशी उभे राहून दोन वाटाडे दोन वेगळे मुफ्ती दाखवत असतील तर?