मदत हवी आहे: सर्जन म्हणतात ऑपरेशन, रेडिएशनवाले म्हणतात आधी शेक, दोघांना एकत्र कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी. माझ्या मामांना (वय ५८, तासगावजवळ द्राक्षबाग) रेक्टमचा (मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक) कॅन्सर निघालाय. पावसाळ्यापासून संडासला रक्त पडत होतं, गावात मूळव्याध म्हणून मलम-गोळ्या चालल्या होत्या, शेवटी मिरजेत कोलोनोस्कोपी केली तेव्हा कळलं. लिव्हर, फुप्फुस क्लिअर आहे म्हणतात, एवढंच बरं.

घोळ पुढंच आहे. सर्जन म्हणाले लगेच ऑपरेशन करून टाकू. ओळखीच्यांनी दुसरीकडं रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं तर ते एमआरआय बघून म्हणाले आधी पाच आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, आणि सोबत केमोच्या गोळ्या, गाठ आकसली की मग ऑपरेशन. हे सर्जनना सांगितलं तर म्हणाले, "मग त्यांच्याकडंच करा." दोघं पण शिकलेली माणसं, बोलायला पण चांगली, पण एकमेकांना एक फोन करत नाहीत आणि इकडचा निरोप तिकडं न्यायचं काम माझ्याकडं, मी बीकॉम! मामी एकच विचारते, संडाससाठी पोटावर पिशवी लागणार का, त्याचंही उत्तर दोघांचं वेगळं. आणि मामांचं तिसरंच, म्हणे ऑक्टोबर छाटणी झाल्याशिवाय हलणार नाही. छाटणी झाली की पेस्ट, मग फवारण्या, म्हणजे ते संक्रांतीपर्यंत संपतच नाही.

ट्यूमर बोर्ड म्हणून काहीतरी असतं, सगळे डॉक्टर बसून एका पेशंटचं ठरवतात असं ऐकलं. आपल्या सांगली-मिरजेकडं ते कसं मागायचं, पेशंटला न्यावं लागतं का, आणि सर्जनना राग येणार नाही असं कसं बोलायचं?

मिरजमार्गे: दादा, सरळ विचारा, "सर, ही केस बोर्डात ठेवता का?" यात कुणाचा अपमान नाही, बऱ्याच कॅन्सर हॉस्पिटलात अशी बैठक ठरलेल्या दिवशी होतेच. पेशंट दरवेळी लागत नाही, फाइल लागते. आमच्या आईच्या वेळी तर आरोग्यमित्रानंच (सरकारी योजनेचा हॉस्पिटलात बसणारा माणूस) योजनेच्या फाइलला बोर्डाचा सहीचा कागद मागितला, त्या कागदापायी का होईना सगळे एकत्र बसले. महात्मा फुले योजनेचं आत्ताच बघून ठेवा. टाटाला परळला तर अवयवाप्रमाणं वेगळे गटच आहेत, डीएमजी म्हणतात, त्यात सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले सगळे. मुंबई जमत नसेल तर टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडचं (देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) 'नव्या' आहे, रिपोर्ट ऑनलाइन पाठवायचे, लेखी मत येतं.

एमआरआयवाली ताई: मी स्कॅन सेंटरला काम करते म्हणून सांगते, रिपोर्टमध्ये दोन गोष्टी शोधा. गुदद्वारापासून गाठ किती सेंटिमीटर वर आहे, पिशवीचं उत्तर बरंचसं त्यावर, आणि ती कधीकधी काही महिन्यांपुरतीच असते हे मामींना सांगा. दुसरं, सीआरएम, म्हणजे ऑपरेशनमध्ये जिथून कापतात ती कड. रेक्टमभोवती चरबीचं आवरण असतं, ऑपरेशनमध्ये ते आवरणासकट काढतात, गाठ त्याच्या कडेला टेकली असेल तर कापताना मागं काही राहायची भीती, म्हणून आधी शेक. गाठ लहान आणि कडेपासून लांब असेल तर थेट ऑपरेशनही बरोबर. बोर्डात रेडिओलॉजिस्ट स्क्रीनवर हीच कड दाखवतो, मग वादाला फार काही उरत नाही. फिल्म नको, सीडी न्या. आणि बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) लॅबकडून मागून घ्या, दुसरीकडं तपासायला लागतोच.

धागाकर्ता: ताई, सापडलं! गुदद्वारापासून ६ सेंमी, आणि सीआरएम थ्रेटन्ड लिहिलंय, म्हणजे गाठ कडेजवळ आलीय. म्हणजे रेडिएशनवाले का अडून बसले ते आत्ता कळलं, त्यांनी हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं! सर्जनकडं उद्याच जातो, मिरजमार्गे म्हणतात तसंच विचारतो. अजून एक, शेक सोमवार ते शुक्रवार रोज असतो ना, तर तासगाव-मिरज जाऊन येऊन जमतं का, की दमणूक होते म्हणून तिकडंच खोली घ्यावी? मामांना शुगर पण आहे. कुणी केलं असेल तर सांगा.