कोव्हॅलंट बाँड वीक असतो म्हणून साखर वितळते, मग वाळू का नाही वितळत?

अकरावी_चोपडा:
नमस्कार सगळ्यांना. मी अकरावी सायन्सला आहे, चोपड्याला. दहावीपर्यंत मराठी मिडियम होतं, आयनिक बंध, सहसंयुज बंध असं शिकले, आता एकदम आयोनिक (प्लस-मायनस चार्जचे अणू म्हणजे आयन, त्यांच्या ओढीचा बंध), कोव्हॅलंट (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेला, म्हणजे सहसंयुज), लॅटिस (कणांची सलग जाळीदार मांडणी) वगैरे, त्यामुळे निम्मा वेळ हा तोच शब्द आहे का हे लावण्यातच जातो. पण प्रश्न भाषेचा नाहीये.

आमच्या नोट्समध्ये एक ओळ आहे की कोव्हॅलंट बाँड वीक असतो म्हणून त्या पदार्थांचा मेल्टिंग पॉइंट कमी, आणि आयोनिक बाँड स्ट्राँग म्हणून जास्त. पाठ केली, टेस्टला लिहिली, मार्क पण मिळाले. आता झालं असं की आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुटाणेवाले काका बसतात, त्यांच्याकडे उभी होते. ते शेंगदाणे मिठात भाजतात, मीठ पार राखाडी झालेलं पण दाणे चाळणीने काढले की खाली तसंच कोरडं मोकळं मीठ. आणि हरभरे भाजतात वाळूत. ती वाळू पण तशीच. घरी आई चिक्कीसाठी कोरडी साखर कढईत टाकते तर ती मात्र बघता बघता पाणी होते.

मीठ आयोनिक आहे, ठीक. पण वाळू म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, ते पुस्तकात कोव्हॅलंट दिलंय. मग ती साखरेच्या बाजूला पाहिजे ना? मिठाच्या बाजूला कशी? हिरा पण कोव्हॅलंटच. विचारलं तर अपवाद म्हणून लिहून टाक असं उत्तर मिळालं. मला ते पटत नाहीये, कारण इतका मोठा अपवाद असेल तर नियमातच काहीतरी चुकतंय असं वाटतं. कोणी नीट सांगेल का?

निवृत्त_मास्तर_अमळनेर:
बाळा, तुझं वाटणं बरोबर आहे, नियमच चुकीचा लिहिलाय. वाळू अपवाद नाही आणि हिराही नाही. ती ओळ मी कितीतरी वह्यांमध्ये लाल पेनाने खोडली असेल.

कोव्हॅलंट बाँड वीक नसतो. पाण्यातला ओ-एच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजन बाँड घे, तो तोडायला एका मोलला (मोल म्हणजे कणांचा एक ठरलेला मोठा गठ्ठा) साधारण ४६३ किलोज्यूल लागतात. आणि तेच एक मोल पाणी उकळून वाफ करायला लागतात फक्त ४१ च्या आसपास. दोन आकड्यांत दहापटीहून जास्त फरक आहे, का? कारण चहाचं आधण उकळतं तेव्हा ओ-एच बाँड तुटतच नाही. तुटला असता तर पातेल्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघाला असता. निघते वाफ, आणि वाफ म्हणजे तेच एचटूओचे रेणू, फक्त एकमेकांपासून सुटे झालेले. म्हणजे सुटलं काय, तर रेणू आणि रेणू यांच्यातली ओढ, दहावीला आपण आंतररेण्वीय बल म्हणायचो ते. रेणूच्या आतला बंध जागेवर आहे.

आता कढईकडे ये. साखरेचा एक रेणू म्हणजे ४५ अणू, आत सगळे घट्ट सहसंयुज बंधांनी बांधलेले. पण एक रेणू शेजारच्याला धरतो तो हायड्रोजन बाँडने (नावात बाँड असलं तरी ही रेणू-रेणूंमधली ओढच), तो त्यामानाने हलका, म्हणून १८६ अंशांच्या जवळ साखर पातळ होते. (पाक तांबूस व्हायला लागला, खमंग वास आला, की मात्र रेणूच्या आतले बंधही मोडायला लागलेत असं समज. म्हणूनच त्या पाकाची परत पांढरी साखर करता येत नाही, आणि साखरेचा मेल्टिंग पॉइंट वेगवेगळ्या पुस्तकांत थोडा वेगळा दिसतो तोही याच कारणाने.)

मिठात रेणूच नाही. एनएसीएल हे फक्त प्रमाण झालं, एकास एक. खड्याच्या आत प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, हे इकडून तिकडे सलग. तिथे वितळवायचं म्हणजे तो आयनिक बंधच ढिला करायला हवा, हलकं असं दुसरं काही मध्ये नाहीच. म्हणून ८०१ अंश. तुझ्या फुटाणेवाल्यांची कढई तेवढी तापली तर दाण्यांचा कोळसा होईल.

वाळूतल्या क्वार्ट्झमध्येही रेणू नाही. प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनना बांधलेला, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना, आणि हे जाळं कणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. इथे वितळवायचं तर खरोखरच कोव्हॅलंट बाँड तोडावे लागतात, आणि बघ, मिठाच्या दुप्पट म्हणजे १७०० अंशांच्या आसपास जावं लागतं. कोव्हॅलंट बाँड वीक असता तर हा आकडा आला असता का? हिऱ्याचंही हेच, प्रत्येक कार्बन चार कार्बनला धरून.

म्हणून कुठल्याही पदार्थाबद्दल विचारलं की बाँडचं नाव घ्यायच्या आधी स्वतःला विचार, आत्ता इथे नेमकं काय तुटतंय. तुझी वाळू लगेच जागेवर बसेल.

केळीवाला_रावेर:
राम राम. मी शास्त्राचा माणूस नाही, बारावीनंतर सरळ शेतीत, पण हा धागा वाचून एक गोष्ट लक्षात आली ती सांगतो, सर बरोबर का चूक ते सांगा.

केळीला आम्ही ड्रिपमधून खतं सोडतो, युरिया आणि पांढरा पोटॅश. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात मस्त विरघळतात, रातच्याला कोणी गोणी बदलून ठेवली तर पटकन कळणार नाही. मी ईसी मीटर घेतलाय, पाण्यातून करंट किती वाहतो त्यावरून क्षार किती ते बघायला. आमच्या विहिरीचं पाणी ०.८ दाखवतं. एका बादलीत लिटरला एक ग्रॅम हिशोबाने युरिया टाकला, ढवळला, मीटर बुडवला तर परत ०.८. मला वाटलं मीटरच गेला, सेल बदलले, तरी तेच. मग दुसऱ्या बादलीत तेवढाच पोटॅश टाकला तर सरळ २.६ वर गेला. दोन दिवस मी डोकं खाजवत होतो की खतात भेसळ आहे का काय, दुकानदाराशी भांडण करायच्या बेतात होतो भो. हे पण तुमचं रेणू आणि आयनच आहे का?

निवृत्त_मास्तर_अमळनेर:
भाऊ, अगदी तेच, आणि वर्गात दाखवावं असं उदाहरण आहे हे. बरं झालं भांडला नाहीत, खत चोख आहे.

पांढरा पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ, मेल्टिंग पॉइंट ७७० अंश. पाण्यात पडला की पोटॅशियम आणि क्लोराइड असे वेगळे होऊन फिरतात, दोघांवर चार्ज आहे, म्हणून करंट वाहतो आणि मीटर चढतो. युरिया सहसंयुज आहे, १३३ अंशांवरच वितळतो, आणि पाण्यात गेला तरी रेणू अख्खाच राहतो, फक्त पाण्याच्या रेणूंमध्ये मिसळतो. चार्ज नाही, म्हणून मीटरला तो दिसतच नाही.

पण ईसी वाढला नाही म्हणून युरिया कितीही सोडा असं करू नका. जमिनीत गेल्यावर तिथल्या युरिएज एन्झाइममुळे त्याचा अमोनियम होतो, पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते दोन्ही आयनच आहेत. म्हणजे बादलीत न दिसलेला क्षार मुळाशी दिसतो. ड्रिपसाठी भरपूर खत एकदम घोळता तेव्हा बादलीला बाहेरून हात लावून बघितला का, दोन्ही खतं विरघळताना पाणी गार पडतं, युरियात तर चांगलंच जाणवतं. आणि १३३ वाचून कोणी घरी युरिया तापवून बघू नका, अमोनिया सुटतो.

केळीवाला_रावेर:
हो हो, गार लागते बादली, उन्हाळ्यात बरं वाटतं हाताला. पण ते खतामुळे होतं हे कधी डोक्यात आलंच नव्हतं.

अकरावी_चोपडा:
सर, खूप खूप थँक्यू, वाळूचं एकदम क्लिअर झालं. काकांचं वाचून मी पण लगेच करून पाहिलं. ९ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि दोन पेन्सिली दोन्हीकडून टोकलेल्या. मिठाच्या पाण्यात एलईडी मस्त लागला. कोरड्या मिठात पेन्सिली खुपसल्या तर अजिबात नाही. इथपर्यंत बरोबर ना, कारण कोरड्यात आयन आहेत पण जागेवर अडकलेत?

पण साखरेच्या पाण्यात पण एलईडी मिणमिणला! कमी, पण लागला. ग्लास धुऊन परत केलं तरी तेच. आता साखरेत आयन कुठून आले?

निवृत्त_मास्तर_अमळनेर:
कोरड्या मिठाचं अगदी बरोबर.

साखरेत आयन नाहीत. पाणी कुठलं घेतलंस? बोअरचं असेल तर दोष त्याचा. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते कुकरच्या तळाला पांढरा थर बसतो त्यावरून बघ, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट सगळं त्यात आधीच आहे. नुसत्या पाण्यातच एलईडी लागतो का ते आधी बघायला हवं होतं. आता इन्व्हर्टरमध्ये टाकतात ते बॅटरीचं पाणी आण, डिस्टिल्ड म्हणून मिळतं. त्यात कर. मिठाच्या पाण्यात जास्त वेळ बॅटरी लावून ठेवू नकोस, थोडा क्लोरीन निघतो, खिडकी उघडी ठेव. आणि घरच्या प्लगला हे काही जोडायचं नाही, बॅटरीवरच.

दागिना_कारागीर_जळगाव:
धाग्यात मीठ झालं, साखर झाली, वाळू झाली, धातू राहिला म्हणून लिहितो. आमची तिसरी पिढी सोन्याच्या कामात. माझा मुलगा दहावीला होता तेव्हा त्याच्या पुस्तकात वर्धनीयता (ठोकून पत्रा होणं), तन्यता (ओढून तार होणं) असे शब्द आले, त्याला काही कळेना. मी त्याला दुकानात बसवलं, ऐरणीवर आधी खडे मिठाचा खडा ठेवला आणि हातोडी मारली, चुरा. पण तो चुरा भिंगाखाली बघितला तर तुकड्यांना सपाट बाजू, करवतीने कापल्यासारख्या. मग शुद्ध सोन्याचा मणी ठेवला, मारला, पसरला. परत मारला, अजून पसरला, तडा नाही.

त्याच्या मॅडमनी नंतर फार छान समजावलं होतं. मिठात प्लस शेजारी मायनस असे बसलेत, फटक्याने एक थर जरासा सरकला की प्लससमोर प्लस येतो, मायनससमोर मायनस, ते एकमेकांना ढकलतात आणि खडा तिथेच फाटतो. सोन्यात बाहेरचे इलेक्ट्रॉन कुठल्या एका अणूचे नसतात, सगळ्यांचे मिळून असतात, त्यामुळे थर सरकला तरी समोर भांडायला कोणी नाही, बंध आहे तसाच. म्हणून एका ग्रॅमची दोन किलोमीटर तार निघते म्हणतात. तेच मोकळे इलेक्ट्रॉन करंट नेतात, धातूला पाण्यात विरघळवायची गरज नाही.

आता कारागिराच्या हाताला काय लागतं ते सांगतो. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं, बाकी तांबं, चांदी. हे पडलं की सोनं कडक होतं, कारण मॅडम म्हणाल्या की वेगळ्या मापाचा अणू मध्ये आला की थर सहज सरकत नाहीत. बांगडीला तो कडकपणा लागतोच, नाहीतर महिन्यात वाकडी. आणि तार पट्टीच्या एकेका भोकातून ओढत बारीक करताना मध्येच ती हाताला ताठ लागते, आता ओढली तर तुटणार हे बोटांना कळतं. मग ती लाल होईपर्यंत तापवायची, गार करायची, परत लोण्यासारखी.

अकरावी_चोपडा:
काका, खडे मीठ घरी आहे, आज पाट्यावर फोडून भिंगातून बघते.

आणि सर, बॅटरीचं पाणी आणलं. नुसत्या पाण्यात एलईडी नाही. तीन चमचे साखर टाकून ढवळली, तरी नाही. मग त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं, मीठ खाली जाता जाताच एलईडी हळूहळू उजळला, मी आईला हाक मारून दाखवलं. नोट्समधली ओळ खोडून मी अशी लिहिलीये, चालेल का बघा: साखरेचा मेल्टिंग पॉइंट कमी आहे कारण वितळताना तिच्या रेणूंमधलं आकर्षण तुटतं, कोव्हॅलंट बाँड नाही.

निवृत्त_मास्तर_अमळनेर:
चालेल. फक्त "तुटतं" च्या जागी "ढिलं होतं" कर, पातळ झालेल्या साखरेतही रेणू एकमेकांना थोडे धरूनच असतात, म्हणून तर पाकाला तार येते. आणि खाली वाळूची पण एक ओळ जोड, परीक्षक पुढे विचारायच्या आधीच.