घर सजवण्याची प्रेरणा वाचनातून घ्यावी काय? (खेड्यातल्या घरांपुरती चर्चा)

सांदवाडी (जि. वर्धा)

मागच्या आठवड्यात आलेल्या एका पाहुण्यांनी आमच्या ओसरीतल्या देवळ्या पाहून "ही कल्पना कुठली?" असे विचारले. मी "पुस्तकातली" असे म्हटल्यावर घरातले सगळे हसले, कारण त्या देवळ्या माझ्या आजेसासऱ्यांच्या काळच्या आहेत. तरीही माझे उत्तर खोटे नव्हते. सासऱ्यांनी त्या कधीतरी विटा लावून बुजवल्या होत्या आणि वरून चुना दिला होता. लग्न होऊन आल्यापासून एकोणीस वर्षे मी त्याच भिंतीला लोखंडी मांडणी टेकवून भांडी लावत होते.

मुलाने नागपूरहून लॉरी बेकर यांची एक पातळ पुस्तिका आणली. बेकर (१९१७–२००७) जन्माने इंग्रज होते, पण केरळात राहून त्यांनी कमी खर्चाची घरे बांधली. मजकूर इंग्रजीत असल्याने मी तो अडखळतच वाचला. मात्र त्यातली हाताने काढलेली रेखाटने कोणालाही समजावीत इतकी सोपी आहेत. विटांच्या जाळ्या, भिंतीतच बांधून काढलेली बैठक, असे बरेच काही त्यात आहे. ते पाहता पाहता आमच्या भिंती दीड हात जाड आहेत आणि त्या जाडीचा आपण काहीच उपयोग करत नाही, हे माझ्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी लाटण्याने भिंत ठोकून पाहिली, तर तीन ठिकाणी आवाज पोकळ आला. एका देवळीत जुन्या चिमणीच्या काजळीचा पट्टा अजून तसाच होता. तो मी पुसला नाही.

त्यानंतर स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीत विटांची जाळी बसवून घेतली आणि धूर कमी झाला. माझे मत असे आहे की खेड्यातल्या माणसानेही घरासंबंधी वाचावे. आपल्याकडे हा विषय शहरातल्या हौशी लोकांचा समजला जातो, ते मला पटत नाही. इतरांचे म्हणणे वाचायला आवडेल.

ओळंबा (जि. अमरावती)

ताई, आपल्या देवळ्यांचे कौतुक आहे, पण मी आपल्याशी सहमत नाही. बावीस वर्षे मिस्त्रीकाम करतो आहे आणि घरमालकाच्या हातात मासिकाचे पान दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. त्या पानावरचे घर कोणत्या मातीवर उभे आहे, त्याला ऊन कोणत्या बाजूने लागते, छपराला टिन आहे की स्लॅब, यातले काहीच पानावर लिहिलेले नसते.

एका घरमालकांनी चित्र दाखवून पश्चिमेला सहा फुटांची काचेची खिडकी करून घेतली. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. आता त्या खिडकीवर आतून सतरंजी टांगलेली असते आणि दिवसा दिवा लावावा लागतो. दुसऱ्या एकांनी ओसरीला गुळगुळीत पांढरी फरशी बसवली. पावसाळ्यात वावरातून चिखलाच्या पायांनी येणारा माणूस तिच्यावर उभाही राहू शकत नाही, म्हणून तिच्यावर पोती अंथरलेली असतात. तिसऱ्या घरी टिनाखाली पीओपीचे छत केले, त्यात उंदरांनी संसार थाटला.

शिवाय आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल, तर भिंतीला कितीही महागाचा रंग द्या, चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघतेच. सजावटीच्या कोणत्या पुस्तकात याविषयी एक ओळ तरी आहे? प्रेरणा हवी असेल तर गावातले पन्नास वर्षे टिकलेले घर पाहावे आणि ते का टिकले, हे त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे.

पऱ्हाटी (जि. यवतमाळ)

दोघांचेही वाचले. माझा प्रश्न वेगळा आहे. प्रेरणा घेण्याइतकी मोकळीक किती जणांना आहे? २०१६ पासूनच्या घरकुल योजनेत सपाट प्रदेशासाठी केंद्राच्या निकषाप्रमाणे एक लाख वीस हजार रुपये मिळतात आणि घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान पंचवीस चौरस मीटरचे, म्हणजे साधारण दोनशे सत्तर चौरस फुटांचे असावे लागते. हप्ता बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे मिळत असल्याने माणसाचे सारे लक्ष पुढचा हप्ता कधी येतो याकडेच असते. आमच्या घरात कापसाची गाठोडी, फवारणीचा पंप, आईची खाट आणि बहिणीची शिवणयंत्राची जागा इतके बसवल्यावर सजावट हा शब्द वाचूनच हसू येते.

सांदवाडी

पऱ्हाटीभाऊ, आपले म्हणणे मला टाळता येणार नाही. तरीही वाचनाची खरी गरज मला लहान घरातच जास्त वाटते. मोठ्या घरात चूक झाली तरी ती एखाद्या खोलीत झाकून ठेवता येते. खाटेखालची जागा, दाराच्या वरचा माळा, खिडकीची उंची यांचा विचार चौकट बसण्याआधी झाला तर त्याला वेगळा पैसा लागत नाही, आणि तो विचार करायला आपल्याकडे शिकवतो कोण?

ओळंबादादा, आपल्या तिन्ही उदाहरणांतल्या लोकांनी फक्त चित्र पाहिले होते. ते वाचन नव्हे. मात्र माझीही एक फजिती सांगते, कारण ती लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही. तीन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकातला लेख वाचून मी मातीच्या भिंतीला चकचकीत प्लॅस्टिक रंग लावला होता आणि तो लेख मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता. श्रावणात त्या भिंतीला हाताच्या पंज्याएवढे फुगे आले. बोट लावले की पापुद्रा सुटायचा आणि आत ओली माती दिसायची.

ओळंबा

हेच तर मी म्हणत होतो. मातीच्या भिंतीत मुरलेला ओलावा बाहेर पडायला वाट लागते. वरून प्लॅस्टिक रंग किंवा सिमेंटचे प्लास्टर दिले की ती वाट बंद होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात प्लास्टर मातीचा थर घेऊनच खाली येते. चुना आणि सारवण यांना जुन्या लोकांनी धरून ठेवले त्यामागे हे कारण होते. आपल्या सासूबाईंना विचारले असते तर रंगाचे पैसे वाचले असते.

सांदवाडी

विचारले होते. "चुनाच दे" असे त्या म्हणाल्या होत्या. का, ते त्यांना सांगता आले नाही, आणि कारण कळले नाही म्हणून मी ऐकले नाही. ओलाव्याचे कारण मला नंतर वाचूनच कळले.

भरदुपार (जि. चंद्रपूर)

आजकाल मोबाइलवर सगळे दिसते, मग पुस्तके चाळण्याचा खटाटोप कशाला?

सांदवाडी

व्हिडिओत काम दोन मिनिटांत संपते. पुस्तिका मी मिस्त्रींच्या फळीवर दगड ठेवून दिवसभर उघडी ठेवली होती.

कवेलू (सेवाग्राम परिसर)

आपण सगळे केरळच्या गोष्टी करतो आहोत, म्हणून आमच्याकडची एक सांगावीशी वाटते. गांधीजी १९३६ मध्ये सेगावात राहायला आले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. बापूकुटी माती, बांबू आणि कवेलूंची आहे, आणि मीराबेन यांनी तिच्या भिंतींवर मातीतच ताडाची झाडे व चरखा उठावात काढले आहेत. भिंतीची माती आणि सजावटीची माती एकच असल्याने तिथे काही चिकटवल्यासारखे दिसत नाही. मी शाळेच्या सहलीत तीनदा तिथे गेलो आणि तीनदाही ते न पाहता परतलो. पुढे त्याविषयी कुठेतरी वाचले, तेव्हा चौथ्यांदा मुद्दाम ते पाहायला गेलो. हा मुद्दा कोणाच्या बाजूचा धरायचा, ते आपणच ठरवा.

ओळंबा

ताईंच्या बाजूचा, असे नाइलाजाने म्हणावे लागते. आता माझीही एक कबुली. बेकर यांच्या कामामुळे नावारूपाला आलेली रॅट-ट्रॅप बाँडची बांधणी मी एका गोदामाला करून पाहिली आहे. त्यात विटा कडेवर उभ्या लावतात, त्यामुळे नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते, उष्णता कमी शिरते आणि विटाही साधारण चौथा हिस्सा कमी लागतात. हे सगळे खरे आहे. परंतु त्यासाठी विटा एका मापाच्या लागतात, आणि आमच्या भागातल्या भट्टीची वीट एक अर्धा इंच मोठी तर दुसरी वाकडी. दर थराला सूत जुळवताना मसाला इतका जास्त लागला की विटांची बचत त्यातच गेली. म्हणून विनंती एवढीच आहे की पुस्तक आणणाऱ्याने आधी भट्टीवर जाऊन दहा विटा मोजून पाहाव्यात.

बरे, आपल्या त्या पश्चिमेच्या जाळीतून जुलैत पाणी आत येत नाही का?

सांदवाडी

येते. वाऱ्याचा पाऊस असला की चुलीपर्यंत शिंतोडे येतात, म्हणून त्या दिवसांत बाहेरून तुराट्यांची ताटी बांधते. पुस्तिकेतल्या चित्रात ताटी नव्हती. जाळीवर छज्जा काढायचा असेल तर किती इंच पुढे घ्यावा, हे सांगाल काय?

ओळंबा

जाळीची उंची आणि जोत्यापासूनचे अंतर कळवा, मग सांगतो.